पर्यावरणशास्त्राचा अभ्यास कोठून सुरू करावा

पर्यावरणशास्त्राची ओळख करून घेऊ पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती विषयाच्या पसाऱ्याची. हवा, पाणी, माती, जंगल, समुद्र, ऊर्जा, कचरा, हवामानबदल, कायदे असे सगळे एकदम समोर येते आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक नवे संकट उभे असते. अशा वाचनातून काळजी वाढते, समज मात्र फारशी वाढत नाही. माझ्या मते या विषयात शिरण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग हिशेबाचा आहे. एक जागा निवडावी, एक पदार्थ निवडावा आणि चार प्रश्न चिकाटीने विचारावेत: हा पदार्थ येथे किती साठला आहे, किती येतो, किती जातो आणि आल्यावर किती काळ थांबतो? रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूशास्त्र, अर्थशास्त्र यांपैकी जे जे लागेल ते या प्रश्नांच्या ओघात शिकावेच लागते. शाश्वततेविषयी बोलताना नेमके काय टिकवायचे आहे, हेही याच हिशेबातून स्पष्ट होते.

आधी सीमा आखा

समजा, अभ्यासासाठी एक लहान तळे घेतले. तळ्याचा काठ हीच त्याची सीमा असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ज्या उतारांवरून पाणी वाहत तळ्यात येते तो सगळा भाग, म्हणजे त्याचे पाणलोट क्षेत्र, विचारात घेतल्याशिवाय तळ्याचे वागणे कळत नाही. समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा नकाशा घ्यावा, तळ्याभोवतीच्या उंचवट्यांचे माथे शोधावेत आणि ते जोडणारी रेषा काढावी. या रेषेच्या आत पडणारा पाऊस तळ्याकडे येतो, बाहेर पडणारा दुसरीकडे जातो. मग त्या क्षेत्रात पायी फिरून पिकाखालची जमीन किती, झाडोरा किती, उघडी माती किती आणि सांडपाणी कोणत्या ठिकाणी येऊन मिळते, हे नकाशावर उतरवावे. एवढे केले तरी पुस्तकातील बरीच प्रकरणे डोळ्यांसमोर उभी राहतात.

सीमा चुकली की हिशेब जुळल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात फसवतो. विसाव्या शतकात युरोपातील वीजकेंद्रांची आणि कारखान्यांची धुराडी अधिकाधिक उंच बांधली गेली. त्यामुळे जवळपासची हवा सुधारली, पण धुरातील सल्फर डायऑक्साइड नाहीसा झाला नव्हता. तो शेकडो किलोमीटर वाहत जाऊन नॉर्वे आणि स्वीडनमधील तळ्यांवर आम्लपर्जन्याच्या रूपाने उतरत होता आणि तेथील मासे मरत होते. सीमा ओलांडून जाणाऱ्या वायुप्रदूषणाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ मध्ये झाला, तो या अनुभवानंतर. पदार्थ नष्ट होत नाही, त्याची जागा बदलते किंवा रूप बदलते. म्हणून कोणी एखादी गोष्ट ‘विल्हेवाट लावली’ असे सांगितले की ती गेली कोठे, हा प्रश्न अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

साठा, आवक, जावक आणि वास्तव्यकाळ

टाकीत नळाने पाणी पडत आहे आणि तळाच्या बारीक छिद्रातून थोडे बाहेर जात आहे असे समजा. आवक जावकेपेक्षा जास्त आहे तोवर पातळी वाढतच राहणार. नळ निम्मा बंद केला, तरी आवक अजून जास्तच असेल तर पातळी चढायची थांबत नाही, फक्त सावकाश चढते. हे सांगितल्यावर कोणालाही पटते. तरीही हवामानबदलाची चर्चा करताना शिकलेली माणसेसुद्धा हीच गोष्ट विसरतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण नियमितपणे मोजण्यास सुरुवात केली, तेव्हा ते दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक युगापूर्वी ते सुमारे २८० होते आणि आता ४२० च्या पुढे गेले आहे. या नोंदींचा आलेख नवख्या अभ्यासकाने एकदा तरी मोठ्या आकारात छापून समोर ठेवावा. त्यात वर चढत जाणाऱ्या रेषेला दरवर्षी एक दात दिसतो: प्रमाण मे महिन्याच्या सुमारास सर्वाधिक होते, मग सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतरते आणि पुन्हा चढू लागते. पृथ्वीवरची बहुतेक जमीन उत्तर गोलार्धात आहे. तेथील उन्हाळ्यात वनस्पती वाढतात आणि हवेतील कार्बन ओढून घेतात, थंडीत पाने कुजतात आणि तो परत सुटतो. एकाच आलेखात संपूर्ण गोलार्धाचा श्वासोच्छ्वास आणि माणसाने घातलेली भर असे दोन्ही दिसते. यातील चढ आणि दात वेगवेगळे ओळखता आले की आवक-जावक ही कल्पना पक्की होते.

माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण निम्मा भाग समुद्र, वनस्पती आणि माती शोषून घेतात; उरलेला हवेत साठतो. त्यामुळे ‘यंदा उत्सर्जन वाढले नाही’ या बातमीचा अर्थ साठा वाढला नाही असा होत नाही. उत्सर्जन म्हणजे आवक आणि हवेतील प्रमाण म्हणजे साठा. या दोन राशींची एकके वेगळी असतात. कोणतेही वृत्त वाचताना आकडा कोणत्या राशीचा आहे हे आधी पाहावे. ‘दर वर्षी’ हे शब्द असतील तर तो ओघ (म्हणजे आवक किंवा जावक), नसतील तर बहुधा साठा.

चौथा प्रश्न वास्तव्यकाळाचा. साठ्याला ओघाने भागले की पदार्थ सरासरी किती काळ थांबतो ते मिळते. तळ्यात १,००,००० घनमीटर पाणी असेल आणि रोज ५०० घनमीटर येऊन तितकेच जात असेल, तर पाण्याचा वास्तव्यकाळ २०० दिवस होतो. म्हणजे आज मिसळलेली घाण धुऊन निघायला निदान तितके दिवस मोजावे लागतील, आणि तळाच्या गाळात जे उतरले त्याला त्याहूनही अधिक. हवेतील पाण्याची वाफ साधारण नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन उतरते. मिथेन सुमारे १२ वर्षे टिकतो. शीतकपाटांत पूर्वी सर्रास वापरला जाणारा सीएफसी-१२ (क्लोरोफ्लोरोकार्बन गटातील, ओझोनच्या थराला मारक ठरलेला वायू) सुमारे १०० वर्षे. कार्बन डायऑक्साइडला असा एकच आकडा लावता येत नाही, कारण त्याचा काही भाग थोड्या वर्षांत शोषला जातो आणि काही भाग हजारो वर्षे मागे उरतो. प्रदूषणावर उपाय किती लवकर दिसेल हे पुष्कळ अंशी या एका राशीवर ठरते. मिथेनची गळती रोखली तर परिणाम एका पिढीच्या आत जाणवतो. इतरत्र त्याच उत्साहाने केलेल्या कामाचे फळ नातवंडांना दिसते. धोरणांची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर चांगले उपाय निष्फळ वाटू लागतात.

मोजमाप करताना

वाचनाला मोजमापाची जोड हवीच, आणि ती महाग उपकरणांवाचूनही देता येते. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची एक पद्धत इटालियन शास्त्रज्ञ आन्जेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरली आणि ती आजही जगभर वापरात आहे. २० सेंटिमीटर व्यासाची चकती घ्यावी, तिचे चार समान भाग आलटूनपालटून काळे-पांढरे रंगवावेत, खाली वजन बांधावे आणि खुणा केलेल्या दोरीने ती पाण्यात सोडावी. चकती दिसेनाशी होते ती खोली टिपावी, मग थोडी खाली सोडून वर ओढावी आणि पुन्हा दिसू लागते ती खोली टिपावी. दोहोंची सरासरी घ्यावी. काम दुपारच्या आसपास, होडीच्या सावलीच्या बाजूने करावे, म्हणजे पाण्यावरची चमक डोळ्यांत जात नाही. मोजणारा माणूस शक्यतो तोच ठेवावा, कारण प्रत्येकाची नजर वेगळी असते. पारदर्शकता घटली तर पाण्यात शैवाल वाढले आहे किंवा गाळ आला आहे. पाण्याचा रंग आणि नुकत्याच झालेल्या पावसाची नोंद यांवरून बहुतेक वेळा दोहोंतील कोणते ते ओळखता येते.

दुसरे मोजमाप पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे. त्यासाठी तयार रासायनिक संच मिळतात. २० अंश सेल्सिअसला पाणी प्रति लिटर सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवू शकते, ३० अंशांना साधारण साडेसात. म्हणजे पाणी तापले की जीवांची गरज वाढते आणि पुरवठा मात्र घटतो. पण येथे वेळ महत्त्वाची आहे. शैवालाने हिरव्या झालेल्या तळ्यात भर दुपारी मोजले तर ऑक्सिजन भरपूर सापडतो, कारण ऊन असताना प्रकाशसंश्लेषण जोरात चालू असते. रात्री तेच शैवाल आणि तळाशी कुजणारे अवशेष ऑक्सिजन वापरत राहतात आणि सूर्योदयाच्या थोडे आधी प्रमाण सर्वांत खाली जाते. मासे मरतात ते त्या वेळी. फक्त दुपारच्या नोंदी घेणाऱ्याच्या वहीत तळे उत्तम असते आणि काठावर मेलेले मासे तरंगत असतात. म्हणून एका दिवसात निदान दोन नोंदी घ्याव्यात, एक पहाटेची आणि एक दुपारची. त्या दोन आकड्यांतील अंतर हेच तळ्याच्या आजाराचे मोठे लक्षण आहे.

कारण कसे ठरवावे

तळे हिरवे झाले हे मोजून कळते. का झाले हे कळायला तुलना लागते. या बाबतीत कॅनडातील एक प्रयोग मला अजोड वाटतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतील अनेक सरोवरांत शैवाल माजले होते आणि त्याला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांपैकी कोण जबाबदार, यावर जोरदार वाद चालू होता. धुण्याच्या पावडरींत फॉस्फेट असे, त्यामुळे वादात व्यापारी हितसंबंधही होते. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ऑन्टॅरिओ प्रांतातील ‘२२६’ क्रमांकाच्या तळ्यावर काम सुरू केले. हे तळे मध्यभागी अरुंद आहे. त्या अरुंद जागी त्यांनी आडवा पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले; दुसऱ्या भागात कार्बन, नायट्रोजन आणि शिवाय फॉस्फरस. पाऊस तोच, ऊन तेच, मूळचे पाणी तेच. फॉस्फरस घातलेला अर्धा भाग हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचा अर्धा भाग जवळपास पूर्वीसारखाच राहिला. आकाशातून काढलेल्या छायाचित्रात एकाच तळ्याचे दोन रंग दिसतात. हे छायाचित्र आणि त्यासारखेच पुरावे समोर आल्यावर फॉस्फेटवर मर्यादा घालण्याच्या बाजूने मोठे पाठबळ मिळाले.

या प्रयोगातून दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली, ज्या घटकाची सर्वांत टंचाई असते तो वाढीला लगाम घालतो. इतर घटक कितीही ओतले तरी त्याच्याशिवाय वाढ होत नाही. अर्थात हा घटक सर्वत्र एकच नसतो. गोड्या पाण्याच्या तळ्यांत तो बहुधा फॉस्फरस असतो, किनाऱ्याजवळच्या समुद्रात पुष्कळदा नायट्रोजन. दुसरी, एखाद्या बदलाचे कारण सांगणाऱ्या प्रत्येक विधानापुढे ‘पडद्याची दुसरी बाजू कोणती?’ असे विचारावे. प्रयोग शक्य नसेल तेथे शेजारचे पाणलोट क्षेत्र, बदल होण्यापूर्वीच्या वर्षांच्या नोंदी किंवा नदीचा वरचा भाग तुलनेसाठी घेता येतो. तुलनाच नसेल, तर ते विधान अंदाज म्हणून नोंदवावे, निष्कर्ष म्हणून नव्हे.

ओघावरून साठा ओळखण्याची चूक

कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळचा कॉड मासा शतकानुशतके अमाप मानला जात होता. १९६० च्या दशकात मोठमोठे ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढत मासे पकडणाऱ्या बोटी, आले आणि १९६८ मध्ये पकड सुमारे ८ लाख टनांवर पोहोचली. पुढे परदेशी बोटींना दूर ठेवण्यात आले, कोटे ठरले, शास्त्रज्ञांची पाहणीही चालू होती. तरीही १९९२ मध्ये कॅनडा सरकारला ही मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांची उपजीविका एकाएकी गेली. बंदी उठून व्यापारी मासेमारीला पुन्हा परवानगी मिळाली ती २०२४ मध्ये, आणि तीही पूर्वीच्या तुलनेत अगदी थोड्या प्रमाणात.

येथे घात झाला तो पकडीच्या आकड्यांवर टाकलेल्या विश्वासामुळे. संख्या घटत गेली तसे कॉडचे थवे उरलेल्या सोयीच्या जागी अधिक दाट गोळा होऊ लागले आणि ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या बोटी नेमक्या तेथेच जाळे टाकत राहिल्या. बोटीमागे मिळणारी मासळी चांगलीच राहिली आणि तेवढ्यावरून समुद्रातील साठाही चांगला असेल असे गृहीत धरले गेले. जावक स्थिर दिसत होती आणि साठा संपत होता. भूजलाच्या बाबतीतही नेमके हेच घडते: पंपाची ताकद वाढवली की पाणी पूर्वीइतकेच येते, पातळी मात्र खोल खोल जाते. म्हणून जंगल असो, मासळी असो की भूजल, साठ्याचे मोजमाप ओघापेक्षा वेगळे आणि स्वतंत्रपणे करावे, हा नियम मी तरी सर्वांत वर ठेवीन.

शाश्वततेची कसोटी

तोडावे तितकेच जितके पुन्हा उगवेल, हा विचार हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स यांनी १७१३ मध्ये जर्मनीतील सॅक्सनीत मांडला. तेथील खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड कमी पडू लागले होते. १९८७ मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली: पुढील पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास. ही व्याख्या उदात्त आहे, पण तिने काही मोजता येत नाही. कामाला येतात ते अर्थशास्त्रज्ञ हर्मन डेली यांचे तीन नियम. पुन्हा निर्माण होणारे संसाधन त्याच्या निर्मितीच्या वेगापेक्षा जलद वापरू नये. पुन्हा निर्माण न होणारे संसाधन, त्याची जागा घेणारा नूतनीक्षम पर्याय ज्या वेगाने उभा राहतो, त्याहून जलद संपवू नये. आणि टाकाऊ पदार्थ निसर्ग ज्या वेगाने ते निरुपद्रवी करू शकतो त्याहून जलद सोडू नयेत. तिन्ही नियमांत दोन वेगांची तुलना आहे, त्यामुळे आवक-जावकेची वही तयार असेल तर ते लगेच लावून पाहता येतात.

हिशेब कोणत्या मार्गावर काय होईल ते सांगतो. कोणता मार्ग घ्यावा आणि झळ कोणी सोसावी हे तो सांगत नाही. त्यासाठी न्यायाचा विचार वेगळा करावा लागतो आणि तो उघडपणे करावा. आकड्यांच्या आड आपली पसंती लपवणे अभ्यासकाला शोभत नाही.

दावे तपासण्याची रीत

‘पर्यावरणपूरक’ असे लिहिलेली वस्तू समोर आली की प्रथम विचारावे, तुलना कोणत्या कामासाठी आहे? दोन दिवे शेजारी ठेवून उपयोग नाही. ‘एवढा प्रकाश, एवढे तास’ हे काम ठरवून मग तुलना करावी. ६० वॅटच्या जुन्या तारेच्या दिव्याइतका प्रकाश एलईडी दिवा ८ ते १० वॅटमध्ये देतो. त्यानंतर खनिज काढण्यापासून टाकून देण्यापर्यंत वस्तूच्या आयुष्यातील सर्व टप्पे पाहावेत आणि भार कोणत्या टप्प्यात जास्त आहे ते शोधावे. तारेच्या दिव्याचा भार मुख्यतः वापरात असतो, म्हणून तो चालू असला तरी बदलणे हिताचे. स्मार्टफोनचे उलट आहे. त्याच्या कार्बनभाराचा मोठा वाटा तो बनतानाच पडतो, म्हणून कमी वीज खाणारा नवा फोन घेण्यापेक्षा हातातला दुरुस्त करून अधिक वर्षे वापरणे योग्य. वस्तूवरच्या हिरव्या पानाच्या चित्रापेक्षा हा एक प्रश्न अधिक शिकवून जातो.

शेवटी एकूण बेरीज पाहावी. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळशाचा एकूण खप घटला नाही, वाढला. कारण स्वस्त झालेली वाफ नव्या नव्या कामांना जुंपली गेली. ‘प्रति नग’ घट झाली एवढे सांगून थांबणाऱ्या अहवालात नगांची संख्या किती वाढली ते शोधावे.

नोंदी कशा ठेवाव्यात

अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले भगदाड जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी १९८५ मध्ये जाहीर केले आणि सीएफसीसारख्या वायूंवर बंधने घालणारा मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला. एवढ्या झपाट्याने जगाचे एकमत होण्यामागे १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी मांडलेले, हे वायू ओझोन कसे नष्ट करतात याचे रसायनशास्त्र होते; आणि भगदाड नजरेस आले ते हॅली या ब्रिटिश केंद्रावर १९५० च्या दशकापासून, कोणत्याही संकटाची चाहूल नसताना, वर्षानुवर्षे घेतलेल्या मोजमापांमुळे. जुन्या नोंदी नसत्या तर त्या वर्षांची घट नेहमीचीच समजली गेली असती.

आपल्या तळ्याच्या नोंदीही अशाच ठेवाव्यात. तारीख, वेळ, नेमकी जागा, हवामान, मोजण्याचे साधन, एकक आणि मोजणाऱ्याचे नाव प्रत्येक नोंदीबरोबर लिहावे. साधन बदलले तर काही काळ जुने व नवे दोन्ही एकाच वेळी वापरून त्यांतील फरक टिपावा. वेगळा दिसणारा आकडा खोडू नये. त्याच्यापुढे शंका लिहावी आणि तो तसाच राहू द्यावा. एक वर्षभर, प्रत्येक ऋतूत, पहाट आणि दुपार धरून नोंदी घेतल्यावरच त्या तळ्याविषयी पहिले विधान करावे, आणि नोंदवहीची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवावी.